स्वाराची बंदूक नेमकी कशासाठी होती? (युरोपीय घोडदळ, १८०० ते १९००)

पागेवाला

घोडदळाचा विषय निघाला की तलवारी आणि भाल्यांवर पानंच्या पानं लिहिली जातात. खांद्याच्या पट्ट्याला लटकणाऱ्या आखूड बंदुकीवर मात्र कुणी दोन ओळींच्या वर लिहीत नाही. लिहिलंच तर 'नळी आखूड, नेम लागत नाही, निरुपयोगी' असा निकाल देऊन मोकळे होतात. हा निकाल मला अन्यायाचा वाटतो, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास-साठ वर्षांत स्वाराची बंदूक हल्ल्यासाठी नव्हतीच. ती पहाऱ्यासाठी होती. मोहिमेतला स्वार वर्षाकाठी किती वेळा दौडत शत्रूवर तुटून पडे? काही पलटणींच्या वाट्याला सबंध युद्धात एखाददुसरा मोठा हल्ला आला. बाकीचे सगळे दिवस चौकी, टेहळणी, रसदीचं संरक्षण आणि चाऱ्याचा शोध यात जात. फौजेच्या पुढे दूरवर दोन-दोन स्वारांच्या जोड्या उभ्या केलेल्या असत. त्यांना शत्रू दिसला की त्यातला एक मागे दौडत खबर द्यायला जाई. दौडायला वेळच नसला, किंवा रात्र आणि धुकं असलं, तर बंदुकीचा बार हीच खबर. मागचा तळ त्या आवाजावर जागा होई. अशा कामाला दोनशे पावलांवरचा नेम लागतच नाही. बंदूक हलकी हवी, भरलेली हवी आणि चाप ओढल्यावर उडायला हवी.

हे ध्यानात ठेवून इंग्रजांची पॅजेट कार्बाईन (कार्बाईन म्हणजे स्वाराची आखूड बंदूक) पाहा. १८०८ च्या सुमारास हलक्या घोडदळासाठी आलेली ही बंदूक लॉर्ड हेन्री पॅजेटच्या नावाने ओळखली जाते. हाच पुढे वॉटर्लूला घोडदळाचा सेनापती होता आणि तिथे त्याने पाय गमावला. त्याच काळात इंग्रज पायदळाच्या बंदुकीची नळी ३९ इंचांची होती. पॅजेटची नळी फक्त १६ इंच. लोक हा आकडा वाचून नाक मुरडतात. त्यांनी घोड्यावर बसून ठासणीची बंदूक भरायची म्हणजे काय, याचा विचार करावा.

डाव्या हातात लगाम. बंदूक रुंद पट्ट्याच्या आकड्याला अडकवलेली, त्यामुळे हात सुटला तरी ती खाली पडत नाही. पेटीतून कागदी काडतूस काढायचं, दातांनी फाडायचं, चिमूटभर दारू (रंजक) चापावरच्या रंजकदाणीत, म्हणजे ठिणगी पडते त्या वाटीत, घालून झाकण बंद करायचं. मग नळीचं तोंड वर करायचं, उरलेली दारू आत ओतायची, वर गोळी आणि कागद, आणि मग गजाने ठासायचं. एवढ्या वेळात घोड्याने एकदा मान झटकली की रंजक सांडली. पायदळाच्या लांब नळीचं तोंड घोड्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्याही वर जाईल, तिथे गज घालणार कसा? नळी आखूड असण्याचं पहिलं कारण हे. आणि गज? पायदळाचा शिपाई तो ओढून काढतो, ठासतो, परत खोचतो. स्वाराच्या हातून गज निसटला तर तो उचलायला खाली उतरावं लागणार. पॅजेटचा गज म्हणून नळीच्या तोंडाशी बिजागरीने जोडलेला असे. बाहेर ओढायचा, फिरवायचा, ठासायचा, पण बंदुकीपासून सुटा होणार नाही. ज्याने ही बिजागरी बसवली त्याने दौडत्या घोड्यावर भिजल्या बोटांनी बंदूक भरणारा माणूस पाहिलेला असणार.

एक अडचण मात्र कुणालाच पुरती सोडवता आली नाही. आकड्याला लटकलेल्या बंदुकीचं तोंड खाली असे. दिवसभर घोडा दुडक्या चालीने चालला की आतली गोळी हळूहळू सैल होई आणि कधी गळूनही पडे. घट्ट ठासली नसेल तर संध्याकाळी चौकीवर नुसता दारूचा बार. इशाऱ्याला तेवढाही पुरे, पण समोर शत्रूचा स्वार असेल तर कठीण.

फ्रेंचांकडे हलक्या घोडदळाला आखूड मस्कतों (फ्रेंच कार्बाईन) आणि ड्रॅगून रेजिमेंटांना जवळजवळ पायदळाच्या मापाची बंदूक अशी विभागणी होती. ड्रॅगून पायउतार होऊनही लढू शकले पाहिजेत, हा जुना हिशोब. १८०५ साली घोडे पुरेनात तेव्हा नेपोलियनने ड्रॅगूनांची एक अख्खी डिव्हिजन पायीच मोहिमेवर नेली होती.

पिस्तुलांबद्दल थोडक्यात. खोगिराच्या पुढच्या बाजूला चामडी पिशव्यांत ती असत. एका बाराची, मोठ्या गोळीची, आणि हाताच्या अंतरापलीकडे भरवसा नसलेली.

जाणकारांनी भर घालावी.

सह्याद्रीपुत्र

अप्रतिम धागा, पुढील भागाच्या प्रतीक्षेत. एक शंका. मग प्रत्यक्ष हल्ल्यात स्वार गोळी झाडतच नव्हते का? चित्रांत तर पिस्तुलं रोखलेली दिसतात.

पागेवाला

सह्याद्रीपुत्र, झाडत होते, आणि बहुतेक वेळा ती चूक ठरे. २१ डिसेंबर १८०८ चं स्पेनमधलं साहागून घ्या. बर्फाळ पहाट, इंग्रजांची १५वी हुसार (हलक्या घोडदळाची) रेजिमेंट दौडत येतेय आणि समोरचे फ्रेंच स्वार जागेवर उभे राहून कार्बाईनी झाडताहेत. बार उडाले, पण थांबलेल्या रांगेवर दौडती रांग आदळली आणि फ्रेंच फळी फुटली. तिथला इंग्रज सेनापती पुन्हा हाच पॅजेट. उभ्या घोड्याला धावत्या घोड्याचा धक्का सोसत नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे. ८ फेब्रुवारी १८०७, पूर्व प्रशियातलं आयलाऊ. फ्रेंचांच्या २०व्या शास्यर (हेही हलकं घोडदळ) रेजिमेंटचा कर्नल कास्तेक्स याने रशियन ड्रॅगून येताना आपले स्वार जागेवरच उभे ठेवले आणि शत्रू सहा पावलांवर आल्यावर बार करायला लावला. रशियनांची पुढची रांग जवळजवळ आडवी झाली. तरीही मागची रांग पडलेल्यांवरून येऊन भिडलीच आणि पुढचा निकाल तलवारींनीच लागला. सहा पावलं म्हणजे किती जवळ ते मोजून पाहा. तेवढा वेळ शंभर घोडे आणि शंभर माणसं गप्प उभी ठेवणारा कर्नल विरळाच.

रणभेरी

धागा उत्तम, पण मूळ मुद्द्याशी असहमत. 'बंदूक पहाऱ्यासाठी होती' हे १८१५ पर्यंत मान्य. पुढे हेच कारण पुढे करून युरोपच्या सेनापतींनी पन्नास वर्षं घोडदळाला नि:शस्त्र ठेवलं, आणि त्याची किंमत साध्या स्वारांनी मोजली.

फ्रान्स-प्रशिया युद्धातलं ६ ऑगस्ट १८७० चं मोर्सब्रॉन विसरून कसं चालेल? जनरल मिशेलच्या ब्रिगेडचे फ्रेंच क्युरासिएर (चिलखती जड स्वार) द्राक्षमळे आणि झाडांच्या ओळींमधून दौडत त्या गावात शिरले. गल्ल्या अरुंद, पुढे रस्ता अडवलेला, आणि घराघरांच्या खिडक्यांतून प्रशियन पायदळ खाली गोळ्या झाडतंय. या स्वारांकडे होतं काय? छातीवर पोलादी कवच, हातात लांब सरळ तलवार आणि एका बाराचं जुनं पिस्तूल. खिडकीतल्या माणसापर्यंत तलवार पोचत नाही. त्याच फ्रेंच पायदळाच्या हातात तेव्हा शास्पोसारखी युरोपातली उत्तम रायफल होती! चिलखती स्वाराला कार्बाईन शोभत नाही, या समजुतीपायी ती माणसं गल्लीत कोंडून मारली गेली. याला मी नियोजन म्हणणार नाही.

दहाच दिवसांनी मार्स-ला-तूरला प्रशियाच्या फोन ब्रेडोच्या ब्रिगेडने उलटा धडा दिला, आणि तो जास्त घातक ठरला. ७वी क्युरासिएर आणि १६वी उलान (भालाईत स्वार), मिळून आठशेच्या आसपास स्वार. जमिनीतला खोलगट भाग आणि धूर यांच्या आडून ते फ्रेंच तोफांपर्यंत पोचले. काम फत्ते झालं, पण जवळजवळ निम्मे परतले नाहीत. पुढची चाळीस वर्षं प्रत्येक लष्करी शाळेत या हल्ल्याचा दाखला दिला गेला. खोलगट जमिनीचा आणि धुराचा उल्लेख मात्र फारसा कुणी केला नाही.

पागेवाला

मोर्सब्रॉनबद्दल शंभर टक्के सहमत. त्याच युद्धात खालच्या पातळीवर काय घडलं तेही जोडतो, कारण मला ते जास्त बोलकं वाटतं. जर्मन उलान भाला आणि पिस्तूल घेऊन फ्रान्सच्या आत घुसले. मोठ्या लढाया संपल्यावर गाठ पडली ती कुंपणाआडून गोळी घालणाऱ्या फ्रँ-तिरर, म्हणजे फ्रेंच बिगरलष्करी बंदूकधाऱ्यांशी. भाला घेऊन कुंपणात कसं शिरणार? मग काय, फ्रेंचांकडून हाती लागलेल्या शास्पो बंदुका उलानांना वाटल्या गेल्या. युद्धानंतर जर्मनांनी अशा कितीतरी शास्पो आखूड केल्या आणि स्वतःच्या धातूच्या काडतुसाला बसतील अशा करून घोडदळाला दिल्या. वरच्यांना पटायच्या आधी खालच्या स्वाराला गरज कळली होती.

जुने_कागद

आपल्याकडचा एक धागा इथे नेमका जुळतो, म्हणून लिहितो. मेरठ, २४ एप्रिल १८५७. कंपनीच्या ३ऱ्या बंगाल लाइट कॅव्हलरीतल्या ज्या ८५ स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला, त्यांचं प्रकरण आपण नेहमी एन्फील्ड रायफलीशी जोडतो. हे स्वार होते आणि समोर ठेवलेली काडतुसं कार्बाईनची होती, नेहमीच्याच जुन्या प्रकारची. कर्नल कारमायकेल-स्मिथने परेड बोलावली होती ती काडतूस दातांऐवजी हाताने फाडायची नवी रीत दाखवायला. परेडला सबंध रेजिमेंट नव्हती. कार्बाईन बाळगणारे, पुढे पसरून लढणारे निवडक ९० जण होते, त्यातल्या ८५ जणांनी नाही म्हटलं. ९ मे रोजी भर परेडवर त्यांच्या पायात बेड्या ठोकल्या आणि दुसऱ्या दिवशी मेरठ पेटलं.

पागेवाला, तुमच्या म्हणण्याला यातून बळकटी मिळते. कार्बाईन हे इथे सगळ्या रेजिमेंटचं हत्यार नव्हतं, पुढे पसरणाऱ्या मोजक्यांचं होतं. 

पागेवाला

जुने_कागद, फार मोलाची भर. आणि हाताने फाडायचं म्हणजे लगाम कुठे धरायचा हा प्रश्न आलाच. पायदळाला ही नवी रीत सोपी, स्वाराला अवघड.

कृष्णाकाठ

वाचतेय. घोडे बाराच्या आवाजाला बुजत नसत का? मी घोडेस्वारी शिकते, आमच्याकडे मोटरसायकलचा फटकारा ऐकला तरी घोडी तिरकी होते.

पागेवाला

बुजत, म्हणून सवय लावत. आधी लांबून नुसत्या दारूचे बार, त्याच वेळी तोंडाशी चंदी. मग रोज थोडं जवळ. शेवटी स्वार पाठीवरून झाडतो. वरातीतली घोडी फटाक्यांच्या माळेत शांत उभी राहते, ती अशाच सरावाने. तरी नवे घोडे मोहिमेवर थेट आले की पंचाईत होई, आणि युद्ध लांबलं की नवेच घोडे जास्त असत. स्वाराने बार करण्यापूर्वी थांबावं यावर कवायतीत भर असे तो यामुळेही. चालत्या घोड्यावरून साध्या नळीच्या बंदुकीचा नेम ही गोष्ट सोडूनच द्या.

डॅन्यूबकाठी

मी व्हिएन्नात राहते. इथल्या लष्करी इतिहासाच्या संग्रहालयात वेळ मिळेल तेव्हा जाते, म्हणून रिव्हॉल्व्हरबद्दल थोडं लिहिते. धाग्यात पिस्तुलं तीन वाक्यांत उरकली आहेत!

ऑस्ट्रियाच्या घोडदळाला १८७० मध्ये मिळालेलं गॅसर हे ११ मिलिमीटरचं सहाबारी रिव्हॉल्व्हर. काचेआड पाहिलं तरी पहिली नजर आकारावरच जाते. जवळजवळ दीड किलो वजन, आणि काडतूस नेहमीच्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाहून बरंच लांब. मुठीच्या बुडाशी एक कडी आहे. त्या काळातल्या घोडदळाच्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांना ती दिसेल. तीत गोफ अडकवून तो गळ्यात किंवा खांद्यावर घालायचा, म्हणजे तलवार उपसायला रिव्हॉल्व्हर हातातून सोडून दिलं तरी ते लोंबत राहतं. वर पागेवाल्यांनी सांगितलेल्या बिजागरीच्या गजामागचा विचार इथेही आहे.

खरी परीक्षा सहा बार झाल्यानंतरची. रिकामी काडतुसं काढायची कशी? फ्रेंचांच्या १८७३ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये बाजूची झडप उघडून, दांड्याने ढकलून एकेक पुंगळी काढावी लागे. जर्मनांच्या १८७९ च्या राइखरिव्हॉल्व्हरला तर असा दांडाही नव्हता. भक्कम यंत्र, पण घोड्यावर पुन्हा भरणं जवळजवळ अशक्य. या बाबतीत रशियनांनी सगळ्यांना मागे टाकलं. १८७१ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसनकडे २०,००० रिव्हॉल्व्हरांची मागणी नोंदवली आणि पुढे ती लाखाच्या वर गेली. वरचा खटका उचलून नळी खाली मोडली की मधली चांदणी (पुंगळ्या ढकलणारी चकती) वर येते आणि सहाही पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. लगामाचा हात न सोडता हे जमू शकतं. रशियनांनी काडतुसातही बदल करून घेतले आणि ते काडतूस अमेरिकेतच 'रशियन' नावाने विकलं जाऊ लागलं.

रणभेरी

+१, सुंदर प्रतिसाद. याआधीचा टप्पा म्हणजे क्रिमियाचं युद्ध. इंग्रज अधिकाऱ्यांनी स्वतःच्या पैशाने कोल्ट किंवा अ‍ॅडम्स रिव्हॉल्व्हरं घेतली होती. कोल्टचा घोडा (बार उडवणारा खटका) दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागे, अ‍ॅडम्सचा नुसता चाप दाबला की बार. धुमश्चक्रीत कुठलं बरं यावर तेव्हा जोरात वाद झाला, आणि १८५६ मध्ये ब्यूमाँट नावाच्या इंजिनिअर अधिकाऱ्याने दोन्ही रीती एकाच रिव्हॉल्व्हरमध्ये आणल्या. साध्या स्वाराच्या हातात मात्र तेव्हाही जुनीच ठासणीची व्हिक्टोरिया कार्बाईन. २५ ऑक्टोबर १८५४ ला बालाक्लाव्हाच्या खोऱ्यात लाइट ब्रिगेड गेली ती त्या बंदुका घेऊन, आणि त्यातल्या १७व्या लान्सर्सकडे (भालाईतांकडे) कार्बाईनऐवजी पिस्तुलं.

सह्याद्रीपुत्र

मग बदल नक्की कधी झाला? मागून भरायच्या बंदुका आल्या तेव्हा?

पागेवाला

हो, आणि माझ्या मते त्यांचा सगळ्यात मोठा लाभ स्वाराला झाला. पायदळाचा शिपाई उभा राहून गज चालवू शकत होता, अडचण खरी घोड्यावरच होती. इंग्रजांनी १८५५ मध्ये अमेरिकेतून ६,००० शार्प्स कार्बाईनी मागवल्या त्या घोडदळासाठीच. खालची तरफ ओढली की पोलादी ठोकळा खाली सरकतो, मागून कागदी काडतूस सारायचं, तरफ वर केली की ठोकळ्याची धार काडतुसाचं बूड कापते. गज नाही, दात नाहीत. प्रशियाच्या ड्रॅगून आणि हुसारांकडे १८५७ ची सुईची (सुईने काडतूस पेटवणारी, मागून भरायची) कार्बाईन आली. धातूचं काडतूस आल्यावर गोळी गळून पडायची कटकटही संपली.

आखूड नळीची नवी अडचण तेव्हा पुढे आली. इंग्रजांची मार्टिनी-हेन्री कार्बाईन, १८७७ ची. रायफलीच्या काडतुसात ८५ ग्रेन (वजनाचं छोटं इंग्रजी माप) दारू आणि ४८० ग्रेनची गोळी. तेच हलक्या कार्बाईनमधून झाडलं तर खांदा सुजे, म्हणून कार्बाईनसाठी ७० ग्रेन दारू आणि ४१० ग्रेन गोळीचं वेगळं काडतूस काढलं. म्हणजे रसदीच्या गाडीत दिसायला सारखी, पण दोन जातींची काडतुसं.

रशियनांनी वेगळा मार्ग धरला. १८८२ मध्ये गार्ड (सम्राटाचं खास दल) सोडून सगळं नियमित घोडदळ त्यांनी ड्रॅगून करून टाकलं. हुसार आणि उलान ही नावं गेली, भाले गेले, पाठीवर संगिनीची लांब रायफल आली.

रणभेरी

आणि जर्मनांनी १८९० च्या आसपास सगळ्या घोडदळाला उलट भाले दिले! एकाच युद्धकाळातून दोन देशांनी असे विरुद्ध निष्कर्ष काढले.

कृष्णाकाठ

पाठीवर बंदूक की खोगिराला, यात काही फरक पडतो? मला पाठीवर वजन घेऊन दुडक्या चालीची कल्पनाच करवत नाही.

पागेवाला

फार फरक पडतो. पाठीवरची बंदूक दर पावलाला पाठीत बसते, स्वार थकतो, वाकून तलवार चालवताना ती आडवी येते. खोगिराच्या चामडी बकेटमध्ये ठेवली तर स्वार मोकळा. पण घोडा पडला किंवा पळाला तर बंदूक त्याच्याबरोबर गेली आणि माणूस मैदानात हात हलवत उभा. पायउतार होऊन लढायचा हुकूम आला की बंदूक काढायला विसरलेला एखादा निघणारच. रशियाच्या कॉसॅक स्वारांनी पाठीवरच ठेवली, इंग्रजांनी बकेट पसंत केली.

पायउतार लढाईत आणखी एक खोट आहे. घोडे कुणीतरी धरायला हवेत. साधारण चारांतला एक त्यात अडकला की शंभर स्वारांच्या तुकडीतून पंचाहत्तरच बंदुका लढायला उरतात. म्हणून उरलेल्यांच्या हातातली बंदूक तरी लांब पल्ल्याची हवी, हा आग्रह शतकाच्या शेवटी जोर धरू लागला.

रणभेरी

आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात तो खरा ठरला. इंग्रज स्वाराकडे २१ इंचांहूनही थोडी कमी नळी असलेली ली-मेटफर्ड किंवा ली-एन्फील्ड कार्बाईन. समोर बोअर, घोड्यावरून येणारा, उतरून खडकाआड लपणारा, हातात पूर्ण लांबीची ७ मिलिमीटरची माउझर. कार्बाईनचा पल्ला सुरू व्हायच्या आत माणसं पडत. १९०० मध्ये इंग्रज सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या अमलाखाली कार्बाईनी परत घेऊन घोडदळाला पायदळाच्या रायफली दिल्या गेल्या. पागेवाला, तीस वर्षं आधी मोर्सब्रॉनला जे दिसलं होतं, ते मान्य करायला एवढा वेळ लागला. माझा राग तोच आहे.

पागेवाला

राग योग्य आहे. एवढंच म्हणेन की १८०८ च्या पॅजेट कार्बाईनला १८७० च्या चुकीसाठी दोषी धरू नका. तिला दिलेलं काम तिने चोख केलं. काम बदललं, आणि ते बदललंय हे पाहायचं ज्यांचं कर्तव्य होतं त्यांनी पाहिलं नाही.

सह्याद्रीपुत्र, तुमच्या प्रश्नाचा शेवटचा तुकडा: इंग्रजांनी बोअर युद्धानंतर लांब रायफल आणि कार्बाईन दोन्ही बंद करून मधल्या मापाची, साधारण २५ इंच नळीची शॉर्ट ली-एन्फील्ड काढली. पायदळ आणि घोडदळ, दोघांना एकच. फ्रेंच मात्र १८९० च्या बेर्तिए कार्बाईनवर ठाम राहिले. तीन काडतुसांची, हलकी, सुटसुटीत. तिचा क्युरासिएरांसाठीचा प्रकार शोधून पाहा, त्याच्या दस्त्याच्या मागे चामडं लावलेलं आहे. गुळगुळीत पोलादी कवचावर लाकडी दस्ता टेकवला की तो घसरतो, म्हणून.